मनगटाची मागील बाकी

गेल्या पावसाळ्यात माझं उजवं मनगट संपावर गेलं. बँकेतल्या माणसाला संपाचं नवल नाही. पण संपाची आधी नोटीस येते, मागण्यांचं पत्रक निघतं, दाराशी घोषणा होतात. मनगटानं यातलं काहीच केलं नाही. एका आजोबांच्या मुदतठेवीचं नूतनीकरण करत असताना करंगळीपासून कोपरापर्यंत सणसणीत कळ गेली आणि त्यांच्या बारा हजारांवर माझ्या हातून एक शून्य जास्त पडलं. आजोबांनी तक्रार केली नाही. चूक आमच्या साहेबांनी पकडली. त्यांनीही पुढं काही लिहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "काय करता आपण?"

"बँकेत क्लार्क."

"मग कीबोर्ड बदला."

चिठ्ठीवर मलमाच्या खाली कीबोर्ड लिहून देणारा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटला. आता मी पडलो बी.कॉम. कोणतीही वस्तू घ्यायची तर तिचं मागचं खातं पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून कीबोर्डचं खातं उघडलं, आणि मागील बाकी निघाली ती थेट 1868 सालची!

त्या साली अमेरिकेतल्या मिलवॉकी गावच्या क्रिस्टोफर लॅथम शोल्स नावाच्या गृहस्थानं दोघा साथीदारांबरोबर टाइपरायटरचं पेटंट घेतलं. शोल्स वर्तमानपत्राचा संपादक. त्याच्या त्या यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या होत्या आणि अक्षरं बरीचशी ए-बी-सी-डीच्या क्रमानं. (त्या क्रमाचे अवशेष आजही मधल्या ओळीत सापडतात. डी, एफ, जी, एच, जे, के, एल असे ओळीनं बोट फिरवून पाहा.) पुढं अक्षरांच्या बदल्यांचं सत्र सुरू झालं. 1873 मध्ये यंत्र रेमिंग्टन कंपनीकडे गेलं. ही कंपनी बंदुका आणि शिवणयंत्रं करणारी. 1874 मध्ये टाइपरायटर बाजारात आला तेव्हा कॅरेज मागं नेण्यासाठी त्याला शिवणयंत्राचं पायडल होतं, अक्षरं फक्त कॅपिटल उमटत, आणि आपण काय लिहितोय ते लिहिणाऱ्याला दिसतच नसे. आमच्या हेड ऑफिसात परिपत्रकं लिहिण्याची पद्धत तिथूनच आली असावी.

अक्षरांच्या बदल्या का झाल्या, यावर दोन पक्ष आहेत. टायपिंगच्या क्लासात आम्हाला सांगितलेली हकिकत अशी की, शेजारच्या दांड्या एकमेकींत अडकत, म्हणून नेहमी जोडीनं येणारी अक्षरं लांब लांब बसवली. ऐकायला पटतं. पण मग ई आणि आर ही इंग्रजीतली सदा गळ्यात गळे घालून हिंडणारी जोडी शेजारी कशी? 2011 मध्ये क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसरी बाजू मांडली : सुरुवातीची यंत्रं तारायंत्रवाल्यांनी वापरली, त्यांच्या सोयीनं अक्षरं हलली. मी दोन्ही बाजू वाचल्या. एका बाजूला दांड्यांची सोय, दुसऱ्या बाजूला तारवाल्यांची. माझ्या मनगटाचा उल्लेख एकाही फाइलीत नाही.

बोटांची बाजू घेणारा माणूस उगवायला 1936 साल उजाडलं. सिएटलचे प्राध्यापक ऑगस्ट ड्वोराक यांनी आपल्या मेहुण्यासह नवी रचना पेटंट केली. स्वर सगळे डाव्या हाताशी, नेहमीची व्यंजनं उजव्या हाताशी, आणि दोन्ही मधल्याच ओळीत. बोटांना घर सोडून भटकायला नको. 1956 मध्ये अमेरिकी सरकारसाठी तिची परीक्षा झाली आणि निकाल असा लागला की, जुन्या टंकलेखकांना नव्यानं शिकवण्याचा खर्च करण्यासारखा फायदा यात दिसत नाही. एक कॉमर्सवाला म्हणून हा निकाल मला कळतो. तीस शब्दांच्या परीक्षेसाठी 'ए एस डी एफ जी एफ' घोकताना मी सरांच्या पट्ट्या खाल्ल्या आहेत. बोटांत घातलेली ती मुदतठेव मुदतीआधी मोडता येत नाही.

आपल्याकडे हे शहाणपण 1986 साली सरकारी कागदावर उतरलं, हे सांगितलं तर खोटं वाटेल. त्या साली इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं इन्स्क्रिप्ट ही रचना ठरवली. मात्रा डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. क दाबा, शिफ्टसकट दाबलं की ख. इतकी सोय असूनही आमच्या शाखेत मराठी पत्र लिहायचं ते इंग्रजी अक्षरांतून उच्चार ठोकत ठोकत!

पण माझं दुखणं अक्षरांच्या जागांचं नव्हतंच. ते निघालं सरळ पट्टीचं. माणसाचे खांदे रुंद, हात तिरके येतात, आणि कीबोर्ड मात्र फूटपट्टीसारखा सरळ. म्हणून मनगटं करंगळीकडे मुरडावी लागतात. मधोमध दोन भाग करून ते तिरके ठेवा, असं क्लोकेनबर्ग नावाच्या जर्मन माणसानं 1926 मध्येच लिहून ठेवलं होतं.

इथं मी वाचायचा थांबलो. आमचे वडील कचेरीत टंकलेखक होते. निवृत्त झाल्यावर ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. आम्हा भावंडांना ती त्यांची लकब वाटायची. आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. तेही हसायचे.

असो. तसला कीबोर्ड घरोघरी पोचेल असा बाजारात यायला 1994 साल लागलं. मायक्रोसॉफ्टनं तो आणला. मी दुकानात गेलो तर सगळ्यांत सुबक होता त्याला उजवीकडचे आकडेच नव्हते. बँकेच्या क्लार्कला आकड्यांवाचून कीबोर्ड म्हणजे किराणा दुकानदाराला तराजूवाचून दुकान. शेवटी आकडेवाला घेतला. त्याआधी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माझा जुना कीबोर्ड पाहून त्याचे मागचे दोन पाय मिटले होते. ते उभे केले की मनगट वर मोडतं. वीस वर्षं मी ते सकाळी आल्याबरोबर उभे करत होतो, दुकान उघडल्यासारखे! निम्मं दुखणं त्या मिटण्यानंच गेलं, फुकटात.

नवा कीबोर्ड जोडायला संगणक विभागाची परवानगी तीन पत्रांनी मिळाली. पहिल्याच दिवशी ते आजोबा आले. वाकून बघत म्हणाले, "मधोमध मोडलाय की हो!"

"मोडला नाही आजोबा, मुद्दाम तसाच केलाय. हात दुखत नाही त्यानं."

"बरं झालं." मग जरा थांबून त्यांनी आशेनं विचारलं, "शून्य मात्र जुन्याच जागी आहे ना?"