मालवण सागरी अभयारण्य
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सागरी संरक्षित क्षेत्र. घोषणा १९८७, क्षेत्रफळ २९.१२ चौ. किमी. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक व प्रवाळ त्यात येतात. खडकांवर सरगॅसम, उल्वा, पॅडिना ही शैवाले वाढतात. सरगॅसमच्या दाट झुडपांत माशांची पिल्ले, खेकडे व गोगलगायी आसरा घेतात. म्हणून शैवाल उपटले गेले की मासेमारीचीही हानी होते. नांगरांचे ओरखडे, पर्यटकांचे पाय, सांडपाणी व तापणारे पाणी हे मुख्य धोके. गाळाने पाणी गढूळले की प्रकाश अडतो आणि शैवालाची वाढ खुंटते. यांत्रिक ट्रॉलरचे जाळे तळ खरवडते, तेव्हा पारंपरिक रापणकरांचा (किनाऱ्यावरून ओढायच्या रापण जाळ्याने मासे धरणाऱ्यांचा) ट्रॉलरला असलेला विरोध रास्तच आहे. मात्र अभयारण्याच्या निर्बंधांची झळ आपल्यालाही बसेल, ही मच्छीमारांची भीतीही तितकीच खरी आहे.