कामोठ्याच्या वर्गातील चिरनेर

आठवीच्या पाठ्यपुस्तकात चिरनेर येते ते बिळाशी, संगमनेर, कळवण अशा नावांच्या रांगेत. त्यावर प्रश्न निघतो तो 'जंगल सत्याग्रह कोठे कोठे झाले?' एवढाच. मुले नावे पाठ करून मोकळी होतात. चिरनेर शेजारच्याच उरण तालुक्यात आहे, हे कामोठ्यातल्या मुलाला कोणी सांगत नाही.

२५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांत नाग्या महादू कातकरी होता, तसेच सरकारचे मामलेदार जोशीही होते. सरकारचा माणूस त्या गोळीबारात कसा मेला, असे विचारताच 'आपले' आणि 'त्यांचे' ही सोपी वाटणी डळमळते. त्याआधीचा प्रश्न असा : रानातून लाकूडफाटा आणणे हा गुन्हा कधीपासून झाला? तो मुलांना १८७८ च्या व १९२७ च्या वन कायद्यांपर्यंत नेतो. डोंगर होता तेथेच राहिला. मालक तेवढा बदलला.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो वर्गाच्या फरशीखालचा प्रश्न. सिडकोच्या नवी मुंबईसाठी १९७० पासून या पट्ट्यातली भातखाचरे संपादित झाली, ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. इंग्रज १९४७ साली गेले. तो कायदा २०१३ संपेपर्यंत चालू होता. कोणाच्या सोयीसाठी? जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातच, जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी चाललेल्या आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले.

एका बाकावर आजोबांचे खाचर गेलेला मुलगा असतो, शेजारी त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत राहणारा. हा प्रश्न निघाला की दोघे एकमेकांकडे पाहतात. उत्तर शिक्षकापाशीही तयार नसते.