तंजावरच्या भिंतीवरची सभासद-यादी

आपल्यापैकी बरेच जण दक्षिणेच्या सहलीत तंजावरचं बृहदीश्वर मंदिर पाहून आले असतील. आल्यावर बहुतेक सगळे एकच नवल सांगतात : या शिखराची सावली म्हणे जमिनीवर पडतच नाही! मंडळी, सावली पडते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अंगणात चांगली लांबलचक दिसते. पण सगळे वर बघत राहतात आणि खरं नवल खालच्या दगडांवर राहून जातं.

हे देऊळ चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधलं. सुमारे ६० मीटर उंचीचं ग्रॅनाइटचं शिखर. त्यावर १०१० साली कळस चढला. राजराजाने हुकूम दिला, की मी, माझ्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी देवाला जे जे दिलं, ते सगळं दगडावर कोरून ठेवा. म्हणून जोत्यावर आणि आवाराच्या भिंतींवर तमिळ लेखांच्या ओळीच्या ओळी आहेत.

त्यातल्या एका लेखात देवळाच्या सेवेतल्या ४०० नर्तकींची यादी आहे. नुसती नावं नव्हेत. कुठली गल्ली, कोणत्या बाजूची रांग, कितवं घर आणि कोणत्या गावच्या देवळातून आणली, हेसुद्धा. कोणी तिरुवारूरची, कोणी तिरुवैयारूची. प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला १०० कलम भात. (कलम हे तिकडचं धान्याचं माप.) पुढे गायक, वादक, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी, सुतार, हिशेबनीस यांचेही वाटे लिहिले आहेत.

त्यात एक नियम दिलाय, तो वाचून आपल्या सेक्रेटरींना हसू येईल. कोणी वारलं किंवा गाव सोडून गेलं, तर जवळच्या नातेवाइकाने ते काम करावं आणि वाटा घ्यावा. त्याला काम येत नसेल तर त्याने लायक माणूस नेमावा. म्हणजे आपलं नॉमिनेशनच की!

या बायका राजीखुशीने आल्या का, हे मात्र कोणी लिहिलेलं नाही. राजाने आणलं, त्या आल्या. तरीही हजार वर्षांनंतर त्यांची नावं वाचता येतात.

राजराजाचं तसं झालं नाही. देऊळ कोणी बांधलं हेच लोक पुढे विसरले. स्थळपुराणात त्याचं श्रेय करिकाल चोळाला मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुल्ट्श या जर्मन अभ्यासकाने भिंतींवरचे लेख वाचून छापले, तेव्हा राजराजाचं नाव पक्कं झालं. दंतकथेने पुसलेलं दगडाने परत दिलं.

याच आवारात आपल्यालाही वाचता येईल असा एक लेख आहे. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी १८०३ साली आपल्या घराण्याचा इतिहास इथल्या भिंतींवर मराठीत कोरून घेतला. परत गेलात तर जरूर शोधा.

आपल्या पंचवीस वर्षांचीही यादी या स्मरणिकेत आहे. फ्लॅट नंबर आहेत, कमिटीची नावं आहेत. माझी एक विनंती : तिच्यात आजवरचे वॉचमन, जिने झाडणाऱ्या मावशी आणि पहाटे पाणी सोडणारे काका यांची नावंही घालूया. एका राजाला परीट आणि कुंभार लिहून ठेवावेसे वाटले. आपल्याला तर दगडही फोडायचा नाही.