कृष्णाखोऱ्यांतील मत्स्यनामें : एक उपेक्षित साधन

सातारा-सांगलीकडील दप्तरें धुंडाळतांना आम्हां संशोधकांची दृष्टि कागदावरच खिळलेली असते. परंतु इतिहासाचें एक साधन तेथील भोई-कोळ्यांच्या तोंडीं आहे. तें म्हणजे माशांचीं नांवें.

हा विषय आपल्या ग्रंथांस अपरिचित नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या शके १०५१ (इ. स. ११२९) मधील 'मानसोल्लास' ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे. समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद करून माशांस कोणतें आमिष लावावें, हें तेथें सांगितलें आहे. राजाच्या करमणुकीचें हें शास्त्र मूळचें पोटासाठीं गळ टाकणाऱ्यांचें असावें, असें आमचें मत आहे.

पुढें १८२४ सालीं कर्नल साइक्स यांस मुंबई सरकारनें मुलखाची माहिती जमविण्यास नेमिलें. त्यांनीं १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत घोडनदी व मुळामुठा यांतील मासे आहेत. हें पाणी भीमेवाटें कृष्णेसच मिळतें. कित्येक जातींस साइक्स यांनीं स्थानिक नांवेंच ठेविलीं : खुद्री, मसुल्ला, कोलस, शिंघाला. जगांतील शास्त्रज्ञ आजहि तींच वापरतात. मोडींत ऱ्हस्वदीर्घ कळत नाहीं, तसा साध्या रोमन लिपींत ळ-ल, ड-द हा भेद कळत नाहीं. तेव्हां शुद्ध पाठ ठरविण्यास ताडून पाहण्याची दुसरी प्रत म्हणजे कोळ्याची जीभच होय.

ही साक्ष केवळ शब्दापुरती नव्हे. १९७७ सालीं आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगानें अलास्कांतील मूळ रहिवाशांची उपजीविकेची देवमाशांची शिकार बंद ठरविली. कारण शास्त्रज्ञांच्या मोजणींत देवमासे थोडे भरले. शिकारी म्हणत, पुष्कळ मासे बर्फाखालून जातात, ते दिसत नाहींत. पुढें पाण्यांत आवाज टिपणारीं यंत्रें सोडतां शिकाऱ्यांचेंच म्हणणें खरें ठरलें.

आपल्याकडे कोयनेवर व कृष्णेवर धरणें झालीं, प्रवाह बदलला. पूर्वी कोणत्या डोहांत कोणता मासा केव्हां सांपडे, हें वृद्ध मच्छीमारांस ठाऊक आहे. तें लिहून घेतलें, व आजच्या जाळ्यांतील माशाची लांबी, वजन, तिथि त्याशेजारीं नोंदली, तर जीवशास्त्रज्ञांस तुलनेचें साधन मिळेल.

असो. वाळवी लागलेल्या पोथीसाठीं आपण कोसचे कोस जातों. वाई, कऱ्हाड, सांगलीच्या घाटांवर जी पोथी माणसाबरोबरच संपते, तिची नक्कल सभासदांनीं आधीं करावी, एवढीच विनंति.