बटण कोणी दाबायचं?

१९६० च्या सुमारास हृदयविकाराचा झटका आलेला माणूस इस्पितळात पोचला, तरी त्याच्या वाट्याला मुख्यतः सक्तीची विश्रांतीच यायची. ठोके अचानक बेताल झाले की डॉक्टरांना निरोप जाई. ते धावत येईपर्यंत बहुतेकदा सगळं संपलेलं असे, कारण रक्त थांबल्यावर मेंदू जेमतेम चार मिनिटं तग धरतो.

उपाय मात्र हाताशी आले होते. पॉल झोल यांनी १९५६ मध्ये छाती न उघडता विजेचा शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणले होते. १९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन यांनी सुचवलं, की असे रुग्ण एकाच कक्षात ठेवून मॉनिटरवर सतत नजर ठेवावी. पुढच्याच वर्षी ह्यूज डे यांनी कॅन्सस सिटीच्या बेथनी हॉस्पिटलात असा कक्ष उघडला.

पण रात्री दोन वाजता त्या कक्षात हजर कोण? सिस्टर. आणि शॉक देण्याचा अधिकार? डॉक्टरांचा. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी नेमकी इथेच वाट बदलली. जी खाटेपाशी आहे तिनेच ओळखायचं आणि तिनेच बटण दाबायचं. मला हे त्या यंत्रांहूनही मोठं पाऊल वाटतं.

त्यासाठी तोवर डॉक्टरांचा मानला जाणारा ईसीजी परिचारिका वाचायला शिकल्या. उंच, टोकदार लाटा जाऊन रेषा वेडीवाकडी थरथरू लागली, तरी आधी पेशंटकडे बघायचं. छातीवरची वायर सुटली तरी पडद्यावर तसाच गोंधळ दिसतो. पेशंट बोलत असेल तर वायर तपासायची. शुद्ध नाही, नाडी लागत नाही? मग पॅडलना जेल, यंत्र चार्ज, खाटेला कुणाचा हात नाही ना याची खात्री, आणि शॉक. १९६५ मध्ये मेल्ट्झर, पिनिओ आणि किचेल यांनी हे सारं खास परिचारिकांसाठी पुस्तकात मांडलं.

१९६९ मध्ये अमेरिकेत या परिचारिकांची स्वतःची संघटना उभी राहिली. अतिदक्षता परिचर्येची तिची ‘सीसीआरएन’ परीक्षा १९७६ पासून सुरू आहे. हे प्रमाणपत्र आज तीन वर्षंच चालतं. ते टिकवायचं तर अत्यवस्थ रुग्णांच्या प्रत्यक्ष सेवेचे तास दाखवावे लागतात, शिवाय अभ्यासाच्या नोंदी द्याव्या लागतात किंवा परीक्षेला पुन्हा बसावं लागतं.