खर्जाची खरखर : एका ध्वनिवर्धकाच्या घडणीचा इतिहास

गतवर्षी सणाच्या आधी आमच्या धर्मग्रामातील युवक संघाने बास गिटारसाठी एक अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, विकत घेतला. घरोघरची रद्दी गोळा करून आणि एक नाटक बसवून मुलांनी पैसे उभे केले होते. अ‍ॅम्प्लिफायर ‘हायब्रीड’ आहे, त्यात व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही आहेत, असे दुकानदाराने सांगितले होते. समोरच्या जाळीआड नारिंगी प्रकाशही छान दिसत होता. परंतु रॉक संगीतातील बासचा जो भरड, खरखरीत स्वर मुलांना हवा होता, तो काही केल्या निघेना. अखेर एका जाणकाराकडून तो उघडून घेतला, तेव्हा उलगडा झाला. नारिंगी प्रकाश व्हॉल्व्हचा नव्हताच. व्हॉल्व्हमागे एक इवलासा दिवा बसविलेला होता. व्हॉल्व्हला मिळणारा विद्युतदाब इतका कमी होता की, त्याचे तेथे असणे बव्हंशी शोभेपुरतेच होते.

मुले हिरमुसली. त्यातच एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “फादर, खरखरच ऐकायची तर माझ्या घरी जुना रेडिओ पडला आहे, तो न्या!” सारे हसले, आम्हीही हसलो. पण मुलांच्या डोळ्यांत पाणी होते. सेमिनरीत ग्रेगोरियन गायन आणि हार्मोनियम ह्यांपलीकडे आमची मजल गेली नव्हती. तरीही ह्या खरखरीचा माग काढायचा आम्ही निश्चय केला. त्या शोधातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ऐकू न येणारा खर्ज

बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा स्वर मोठ्याने ऐकविणे कठीण असते. त्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते आणि मानवी कानही ह्या पट्टीत मंद असतो. १९३०-४०च्या दशकांत अमेरिकेतील नृत्यवृंदांमध्ये माणसाहून उंच असे डबल बास वाद्य असे. पण तुताऱ्या आणि ढोल ह्यांच्या कल्लोळात ते वाजविणाऱ्याचे हात तेवढे दिसत.

एव्हरेट हल हे असेच एक बासवादक. हे वाद्य ज्या खुंटीवर जमिनीला टेकते, त्या खुंटीतच त्यांनी १९४६च्या सुमारास मायक्रोफोन बसविला. खुंटीला इंग्रजीत ‘पेग’ म्हणतात. त्यावरून ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’ आणि पुढे ‘अ‍ॅम्पेग’ हे कंपनीचे नाव पडले. इकडे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडर ह्यांनी १९५१ साली आडवी धरून वाजविता येणारी ‘प्रिसिजन बास’ ही विद्युत गिटार बाजारात आणली. पाठोपाठ १९५२ साली तिच्यासाठी ‘बासमन’ हा अ‍ॅम्प्लिफायर आला.

ही दोन्ही घराणी व्हॉल्व्हवर चालणारी होती. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना ते सहज आठवेल. बटण फिरविल्यावर काचेच्या नळ्या तापेपर्यंत थांबावे लागे आणि मग आवाज हळूहळू वर येई. तापलेल्या तारेतून सुटलेले विद्युत्कण पोकळीतून पलीकडच्या पत्र्याकडे धावतात. मधली जाळी त्यांना सोडते वा अडविते. जाळीवरच्या क्षीण संकेताबरहुकूम मोठा प्रवाह हलतो, आणि आवाज वाढतो.

दोषाचे गुणात रूपांतर

प्रत्येक यंत्राला मर्यादा असते. तिच्यापलीकडे आवाज मागितला, की ध्वनिलहरींचे माथे पुरते उमटत नाहीत. व्हॉल्व्ह साधारणपणे हे माथे हळूहळू गोल करीत नेतो. ट्रान्झिस्टर मात्र कोयत्याने शेंडा छाटावा तसा ते सपाट करतो. दोन्ही रीतींत मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे उपस्वर उमटतात. त्यांचे प्रमाण आणि जुळणी वेगळी असते. म्हणून एक खरखर कानाला उबदार लागते, तर दुसरी टोचते.

बासच्या बाबतीत ह्या उपस्वरांचे एक उपकारक कार्यही आहे. ४१ कंपनांचा स्वर लहान स्पीकरमधून नीट निघत नाही. परंतु ८२, १२३, १६४ कंपनांचे उपस्वर निघतात आणि त्यांवरून आपला कान मूळ खर्ज ताडतो. म्हणजे थोडी खरखर मिसळली, तर गलक्यातही बास ओळखू येतो. मुलांची मागणी केवळ हौसेची नव्हती, हे आम्हांला येथे प्रथम कळले.

ह्या दोषाला प्रतिष्ठा कशी मिळाली, त्याची कथा मनोरंजक आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स ह्यांच्या ‘डोन्ट वरी’ ह्या गीताचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवीत असताना ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील एक भाग बिघडला आणि बासचा आवाज भसाडा, घरघरता झाला. तो तुकडा फेकून न देता तसाच ठेवला गेला. १९६१ साली गीत प्रसिद्ध होऊन लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी ह्यांनी मग तीच घरघर मुद्दाम निर्माण करणारे ट्रान्झिस्टरचे छोटे यंत्र रचले. १९६२ साली गिब्सन कंपनीने ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ ह्या नावाने विक्रीस आणले. बिघाडाचे बटण झाले!

त्याच वर्षी पश्चिम लंडनमध्ये ढोलवाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी फेंडरच्या बासमनचा आराखडा समोर ठेवून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर घडविला. बासमन जोराने वाजविला की गोड खरखर देतो, हे गिटारवादकांनी ओळखले होतेच. पुढे मार्शलच्याच ‘सुपर बास’ अ‍ॅम्प्लिफायरमधून ‘मोटरहेड’ वृंदाचे लेमी किल्मिस्टर ह्यांनी १९७५ नंतर बासची अशी गर्जना काढली की, भरड बास म्हटला की आजही त्यांचेच नाव निघते.

एव्हरेट हल ह्यांना मात्र हे सारे अमान्य होते. बासचा स्वर स्वच्छ, निर्मळ हवा, हा त्यांचा आग्रह. रॉक संगीताविषयी त्यांना प्रेम नव्हते. १९६७ साली त्यांनी कंपनी विकली. आणि दैवयोग असा की, १९६९ साली त्याच अ‍ॅम्पेगने ‘एस.व्ही.टी.’ हा १४ व्हॉल्व्हचा, ३०० वॅटचा महाकाय अ‍ॅम्प्लिफायर काढला. रोलिंग स्टोन्स वृंदाने त्या वर्षीच्या अमेरिका-दौऱ्यात तो वापरला. दहा इंची आठ स्पीकरांच्या पेट्यांसह तो रॉक बासचा मानदंड ठरला. हल ह्यांना आम्ही हट्टी म्हणणार नाही. ऐकू न येणाऱ्या वाद्याला त्यांनी वाचा दिली होती. ती वाचा विकृत होऊ नये, ही त्यांची कळकळ समजण्यासारखी आहे.

संकर की कलम?

ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये लागला. १९६०च्या दशकात तो वाद्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरला. तो हलका, टिकाऊ आणि स्वस्त होता. तापण्याची वाट पाहणे नाही, काच फुटण्याची भीती नाही. एस.व्ही.टी.चे नुसते डोके उचलायलाच दोन माणसे लागत. स्पीकरची पेटी वेगळीच. साहजिकच दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्न सुरू झाले.

हे प्रयत्न दोन उलट दिशांनी झाले, ही बाब खरेदीदाराने विशेष ध्यानात ठेवावी. १९७०च्या दशकात लिओ फेंडर ज्या ‘म्युझिक मॅन’ कंपनीत होते, तिच्या अ‍ॅम्प्लिफायरांत पुढचा भाग ट्रान्झिस्टरचा आणि स्पीकर हलविणारा मागचा भाग व्हॉल्व्हचा असे. ह्याउलट १९८४ साली कॅलिफोर्नियात स्टीव्ह रेब ह्यांनी स्थापन केलेल्या ‘एस.डब्ल्यू.आर.’ कंपनीने पुढे व्हॉल्व्ह आणि मागे ट्रान्झिस्टर अशी रचना रूढ केली. १९९०च्या दशकात अ‍ॅम्पेगनेही काही नमुन्यांत हीच वाट धरली. आज हायब्रीड म्हणून जे मिळते, ते बहुतेक ह्या दुसऱ्या जातीचे असते.

‘हायब्रीड’ म्हटले की आपल्याकडे संकरित बियाणे आठवते. आम्हांला मात्र आंब्याचे कलम अधिक जवळचे वाटते. ती विद्या गोव्यात जेजुइट धर्मगुरूंनी रुजविली. खुंट जोर पुरवितो, वर बांधलेली फांदी चव ठरविते. येथेही मागचा ट्रान्झिस्टर जोर देतो, पुढचा व्हॉल्व्ह चव देतो. पण कलम बांधताना काही गमावलेही गेले. जुन्या एस.व्ही.टी.ची खरखर तीन ठिकाणी जन्मत असे : पुढच्या व्हॉल्व्हमध्ये, मागच्या मोठ्या व्हॉल्व्हमध्ये आणि कण्हणाऱ्या स्पीकरमध्ये. आजच्या हायब्रीडमध्ये मधले जन्मस्थान उरलेले नाही. शिवाय एस.डब्ल्यू.आर.ने व्हॉल्व्ह ठेवला होता तो ऊब आणि स्पष्टता ह्यांसाठी. खरखर हे तिचे ध्येय नव्हते. हायब्रीड आहे म्हणजे भरड वाजेलच, हा आमच्या मुलांचा समज इतिहासाला धरून नव्हता.

निवड करताना

ह्या इतिहासातून खरेदीची कसोटी आपोआप हाती येते. खरखर कोठे जन्मते, हा पहिला प्रश्न. पुढचा व्हॉल्व्ह भरपूर विद्युतदाबावर चालतो काय, हे विचारावे. जाळीआडच्या प्रकाशाला भुलू नये. पुढच्या भागाची वाढ आणि एकूण आवाज ह्यांची बटणे वेगवेगळी असावीत. म्हणजे पहिले चढवून व्हॉल्व्हला रगडता येतो आणि दुसरे उतरवून शेजाऱ्यांची शांतता राखता येते. स्वच्छ आणि भरड आवाज हवे त्या प्रमाणात मिसळण्याची सोय असेल, तर फारच उत्तम. कारण खरखर वाढविली की खर्जाचे बूड बहुधा पातळ होते. स्वच्छ धार सोबत असली की ते भरीव राहते.

मागचा ट्रान्झिस्टर भाग मात्र कधीच दमता कामा नये, कारण त्याची खरखर टोचणारी असते. म्हणून गिटारला पुरतील त्याहून कितीतरी अधिक वॅट बासला घ्यावेत. स्पीकरचा ओहम आकडा यंत्रावर लिहिलेल्या किमान मर्यादेखाली नेऊ नये. पेटीत तार स्वरांसाठी वेगळा छोटा भोंगा असेल, तर भरड वाजविताना तो बंद करावा. नाहीतर भरडपणाची फुसफुस होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुकानात एकट्याने वाजवून निर्णय घेऊ नये. एकट्याने ऐकताना जो आवाज गोड वाटतो, तो ड्रम आणि गिटार सुरू होताच बुडतो. जो थोडा ओबडधोबड वाटतो, तोच तग धरतो.

मुलांनी ह्या मुद्द्यांची यादी केली. जुना अ‍ॅम्प्लिफायर तोटा सोसून विकला, आणखी एक नाटक बसविले आणि एक वापरलेला पण निकोप हायब्रीड आणला. ह्या वेळी ड्रम बरोबर नेला होता!

तो चर्चमध्ये वाजत नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात ऑर्गनला मानाचे स्थान देऊन इतर वाद्यांनाही दार उघडले. पण पवित्र स्थळाला आणि उपासनेला साजतील अशांनाच. प्रत्येक आवाजाची जागा असते, आणि ह्या आवाजाची जागा सभागृहात आहे.

सणाच्या संध्याकाळी तेथे मुलांचे वादन झाले. रेडिओ देऊ करणारे ते ज्येष्ठ सभासद मागच्या बाकावर बसले होते. कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्यांच्याजवळ गेलो. बाकावर हात ठेवून ते म्हणाले, “फादर, इतकी वर्षे ते पोर मागे उभे राहून वाजवीत असते, पण ते काय वाजविते हे आज प्रथमच ऐकू आले.”

एव्हरेट हल ह्यांनी खुंटीत मायक्रोफोन बसविला, तो ह्याच एका वाक्यासाठी. ते खरखरीच्या वाटेने उच्चारले गेले, हे त्यांना रुचले नसते कदाचित. परंतु मागे उभ्या असलेल्या पोराचा बाप त्या वेळी शेजारीच बसला होता, आणि त्याने ते ऐकले.