आजीचे गुडघे टिकले, बोटं नाही

मागच्या भागात आपण नाणेघाटात होतो. नागनिकेचा लेख, जकातीचा दगडी रांजण वगैरे. आज तिथून फार लांब जायचं नाहीये. घाट चढून वर आलं की जीवधनच्या पायथ्याशी घाटघर लागतं (जुन्नरचं हं, अकोल्याचं नाही). ते माझ्या आजीचं गाव, आणि आजचा इतिहास गुडघ्यांचा.

२०१४ मध्ये, मी बारावीला असताना, पुण्यात आजीचे दोन्ही गुडघे बदलले. तिला आमवात आहे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. वय झालं की गुडघा झिजतो, तो आजार वेगळा. आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. तो तरुणपणीही होतो, बायकांना जास्त होतो आणि एका सांध्यावर थांबत नाही. आमच्या घरात मात्र दोन्हींना एकच शब्द होता, 'वात'.

हे शहरी दुखणं आहे असंही नाही. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने आपल्याच जिल्ह्यात, भिगवणला, घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांमध्ये शंभरातल्या साधारण १८ जणांना हाडं, सांधे, स्नायूंचं दुखणं निघालं. आमवात साधारण २०० मागे एकाला.

आता गुडघ्याकडे येऊ. १८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुकने क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. जंतुसंसर्गाने तो प्रयोग बुडाला. पुढे धातूच्या बिजागऱ्या आल्या, पण गुडघा काही दारासारखा नुसता उघडत-मिटत नाही. तो थोडा घसरतो, थोडा वळतोही. बिजागरी ते करू देत नाही, मग सगळा ताण हाडात रोवलेल्या दांड्यावर येतो आणि ती ढिली होते. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये काम करताना फ्रँक गन्स्टनने बिजागरीच काढून टाकली. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल, चितरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांचा 'टोटल कॉन्डायलर' आला. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, खाली प्लास्टिकची गादी, सिमेंटने चिकटवलेलं. आजही मूळ आराखडा तोच आहे. हे राणावत म्हणजे मूळचे मध्य प्रदेशातले, ज्यांनी २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत वाजपेयींचे गुडघे बदलले. माझ्या मते 'नी रिप्लेसमेंट' हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला तो त्या बातम्यांमुळेच.

एक गोष्ट मला वाचताना कळली. सुरुवातीच्या त्या पेशंटमध्ये आमवाताचे लोक भरपूर होते. आणि निकाल चांगले होते! पंधरा वर्षांनीही दहातले नऊपेक्षा जास्त गुडघे जागेवर होते. आमवात असला म्हणून गुडघा लवकर मोडतो असं दिसलं नाही. धोका दुसरीकडे होता. यांच्यात जंतुसंसर्ग जास्त होतो, आणि माणूस किती चालतो-फिरतो हे गुडघ्यापेक्षा बाकीच्या सांध्यांवर ठरतं.

आजीचं अगदी तसंच झालं. वॉकर धरायला बोटं वळेनात, म्हणून पहिले पंधरा दिवस वडील आणि आत्या तिला दोन्हीकडून धरून चालवत. नंतर ती मस्त चालायला लागली आणि आम्ही समजलो, आजार गेला. तिची आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद पडली. सुट्टी देताना हॉस्पिटलमध्ये कुणी ते बजावून सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. हार्डवेअर बदललं, बग तसाच. तीन वर्षांत मनगटं गेली, बोटं वाकडी झाली. गुडघे मात्र ठणठणीत!

हे औषध मूळचं कॅन्सरचं. १९८८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली, दहा वर्षांनी बायोलॉजिक्स आली, आणि पुढे बऱ्याच देशांत आमवातामुळे गुडघे बदलण्याची वेळच कमी लोकांवर येऊ लागली. म्हणजे गोळी वेळेवर आणि नियमित मिळाली असती, तर कदाचित आजीचं ऑपरेशनही टळलं असतं. पतसंस्थेचं कर्जही. (ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये केली, जीएसटी वेगळा. आम्ही तीन वर्षं आधी नंबर लावला होता!)

आता गोळी पुन्हा सुरू आहे, रक्ततपासणीसकट. दर रविवारी सकाळी नऊला माझ्या फोनवर अलार्म वाजतो, मग मी घाटघरला फोन लावतो. रेंज असेल तर लागतो. पावसाळ्यात आजी खाचरात उतरत नाही. उकिडवं बसता येत नाही हे एक, आणि चिखलात पाय कापला तर तो संसर्ग रक्तातून थेट गुडघ्यापर्यंत जाऊ शकतो. ती बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून लावणीवाल्यांना सूचना देते. परवा म्हणाली, "गुडघं चांगलं हायेत रं, पण बाटलीचं झाकण तेवढं उघडून ठिवून जात जा."